चौदाव्या रिपोर्टातली ओळ

ज्ञानेश्वरीला पसारा खपत नसे. मुकुंदवाडीतली तिची भाड्याची खोली बघावी, कपबशीसुद्धा हुकूम दिल्यासारखी उभी! दुष्काळाच्या साली ती शहरातल्या एका ठेकेदाराच्या कचेरीत लागली. टँकर कोणत्या गावाला धाडायचे, ते संगणकाला विचारून रिपोर्ट काढायचे, हे तिचं काम.

हे विचारणं म्हणजे क्वेरी. ती चौदा रिपोर्टांत चौदा वेळा लिहिलेली. एक ना धड, भाराभर चिंध्या. नियम बदलला की चौदा ठिकाणी शोधत बसा. तिनं साहेबांच्या मागं लागून एकच स्टोअर्ड प्रोसिजर लिहिली: विचारणं एकदाच डेटाबेसात ठेवायचं, सगळ्या रिपोर्टांनी तिथूनच उत्तर घ्यायचं.

जुळवताना चौदाव्या रिपोर्टात, जिथून टँकरच्या चिठ्ठ्या निघत त्यात, एक जादा ओळ सापडली. अमुक कोडची वस्तीही धरा, एवढंच. लिहिणारा इंद्रजीत केव्हाच नोकरी सोडून गेलेला. कुणाचा तरी वशिला असणार, म्हणून तिनं ती पुसली. आपल्याच वस्तीचा कोड कुणाला पाठ असतो?

वैशाखात ती वस्तीवर, वडिलांच्या घरी गेली. दारात मेंढरं नव्हती. त्यांच्याभोवती लावायची जाळी, वाघर, गुंडाळून खुंटीला टांगलेली.

"आण्णा, मेंढरं कुठंयत?"

"इकली," मल्हारराव म्हणाले. "चैत्रापासून टँकर नाय. कागदावर आपली वस्ती गावातच धरत्यात, अन् गावाच्या हिरीला पाणी हाय. तुझ्या कचेरीतला एक पोरगा मागं येऊन बघून गेला व्हता, तवापासून टँकर येत व्हता."

चौदाव्या रिपोर्टातली पुसलेली ओळ तिला आठवली. "मला फोन का नाय केला?"

"कशापायी? चिठ्ठ्या तुझ्याच कचेरीतून निघत्यात. म्हणलं, आपल्याहून लई नड असंल कुणाला. माझी लेक उगं नाय बंद करायची."

सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही. रात्रभर ती रडली.

सोमवारी तिनं ती ओळ पुन्हा लिहिली. एकाच ठिकाणी लिहिली, अन् चौदाही रिपोर्टांत वस्ती दिसली. चौथ्या दिवशी आण्णांचा फोन आला.

"टँकर आला गं! म्हणलं नव्हतं मी, माझी लेक आपल्याला इसरायची नाय?"

"व्हय, आण्णा," ती म्हणाली.