उस्मानभाऊचा घाट

तळेगावच्या शाळेत मी वजाबाकी शिकवत होतो, तेव्हा आमच्या गल्लीतला पिंजारी दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, घरला चला. उस्मानभाऊ गेला," एवढंच म्हणाला. ऐकलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता तरी हा माणूस माडीवरून खाली येईल... सख्ख्या थोरल्या भावाची बातमी ऐकून असं काही सुचावं! पण सुचलं खरं.

भाऊ घाटातल्या इंजिनावर फायरमन होता. लोणावळ्याहून खाली कर्जतपर्यंत आणि परत, एवढं त्याचं जग, आणि त्यात तो खूश होता. यार्डात डब्याखाली सापडून त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. लोणावळ्याच्याच बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान, वर माडी. त्याला उचलून माडीवर नेलं ते कायमचंच. जिना इतका उभा, की धडधाकट माणूसही भिंतीला हात लावून उतरतो. पुढं एका बंगल्यातली पोरं मोठी झाली, म्हणून त्यांचं चावीचं इंजिन आणि रुळांची पेटी भाऊकडे आली, आणि त्यानं खोलीभर घाट बांधायला घेतला. रद्दी भिजवायची, मेथी घालून कुटायची, हे खरं टोपल्या करणाऱ्या बायकांचं काम. ते भाभीकडून शिकून त्यानं डोंगर उठवले. वर दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसे अळीव पेरले. अळीव तरारले, पण पाणी मुरून डोंगर फुगला, बोगदा खचला आणि इंजिन आतच अडकलं. "दरड पडली रं!" म्हणून भाऊ पोटभर हसला. तसं हसताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

ईदला तरी उस्माननं मशिदीत यावं, एवढीच आमच्या अम्माची इच्छा. म्हणून मी सुताराकडून सागवानी कुबड्या करून आणल्या. काखेत टोचू नयेत म्हणून भाभीनं चिंध्यांच्या गाद्या शिवल्या. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर दोन डोंगरांमध्ये नवा पूल, खाली टेकूच्या लाकडी घोड्या ओळीनं ताठ उभ्या. "लाकूड कुठलं?" मी विचारलं. भाऊ पत्रा कापत राहिला. भाभी खिडकीबाहेर बघायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"कुबड्या कापल्यास?"

"लय झ्याक सागवान हाय."

"आणि खाली कसा येणार?"

"खाली आलो की लोक पाय बघत्यात, युनूस. हितं आले की गाडी बघत्यात."

मी असा भडकलो, की चहा तसाच टाकून उतरलो.

त्यानंतर ऐन पावसाळ्यात अम्मा गेली. जनाजा दाराशी तयार झाला. थोरल्यानं खांदा द्यायचा. भाऊ बसल्या बसल्या सरकत जिन्याच्या तोंडाशी आला आणि खाली बघत राहिला. "भाऊ, आम्ही उचलून नेतो तुला," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. "दुसऱ्याच्या खांद्यावर बसून खांदा कसा देऊ रं?" आम्ही निघालो. वळून पाहिलं तर तो वरच्या खिडकीत होता, दोन्ही हातांनी गज धरून. त्या दिवशी माझा त्याच्यावरचा सगळा राग गेला, आणि भीती वाटायला लागली. मग त्यानंच पुन्हा कुबड्या मागवल्या. पण बसून बसून अंगातली ताकद गेली होती. पहिल्या पायरीवर तो थरथरत उभा राहिला आणि मागं फिरला. नंतर त्यानं खाली यायचं नाव काढलं नाही.

चाळिसाव्याला पाहुणे येतील, खोली मोकळी करावी, म्हणून परवा मी माडीवर गेलो. करवत हातात होती. जरा टेकलो तो त्याच्याच खाटेवर. तिथून सगळा घाट एका नजरेत दिसतो. खंडाळा होतं, बोगदे होते, पूल होता, पार खाली कर्जतची पाण्याची टाकीसुद्धा होती. मी लोणावळा शोधत होतो. स्टेशन, बाजार, आमचं दुकान... कुठंच नव्हतं. भाभीला विचारलं.

"मी बी इचारलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनले, हितं गाडी थांबवायची न्हाई."