फुलाशिवाय झाड आणायचं नाही

आमरीला फूल यायला वर्षं लागतात. तोवर माणसं काय करणार? बोलणार. म्हणून आमच्या मंडळात फुलं मोजकी आणि किस्से पोतंभर. परवा सगळे म्हणाले, काका, तुम्ही लिहून काढा. मी चौथी शिकलो. पण अक्षर स्वच्छ आहे आणि वाढवून सांगायची सवय नाही.

शहरात ऑर्किड म्हणतात, पुस्तकात आमरी. आमच्याकडे झाडावर उगवलेलं सगळंच बांडगूळ! फरक सांगतो. बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस पितं. आमरी फांदीला नुसती धरून बसते. एक चोर, दुसरी पाहुणी.

चौदा साली वादळात वाणगावला आमच्या घरामागच्या आंब्याची फांदी पडली. तिच्यावर जाड पानांचं एक झाड होतं, मुळं दोरखंडासारखी. लाकूड तोडायला आलेला म्हणाला, "फेकून द्या." मी नाही फेकलं. मातीशिवाय हे खातं काय, एवढंच बघायचं होतं.

डहाणूचे नरेशभाई, हार्डवेअरचे दुकानदार, चिकूची वाडीपण आहे त्यांची, त्यांनी ते बघितलं. म्हणाले, "काका, नशीबवान छो! याला मे-जूनमध्ये कोल्ह्याच्या शेपटासारखा घोस येते. गुलाबी-पांढरा. खाली लोंबते."

त्या दिवसापासून तो घोस मला माझ्या अंगणात बघायचा होता.

*

मंडळ पाच जणांचं. मी, नरेशभाई, वरोरची जमना मासळीवाली, तलासरीला हायवेवर पंक्चर काढणारा लक्ष्मण आणि बँकेतल्या देसाई मॅडम. महिन्याच्या शेवटच्या रविवारी नरेशभाईंच्या वाडीत जमायचं.

सुरुवातीला सगळे नुसती पानं घेऊन यायचे आणि तासभर रडगाणं. हे पान पिवळं, ते पान काळं. दवाखाना झाला होता! मी नियम केला. फुलाशिवाय झाड आणायचं नाही.

नियम सगळ्यांनी पाळला. हळूहळू सगळ्यांची झाडं आली. एकच माणूस दर वेळी रिकाम्या हातानं यायचा. ज्यानं नियम केला, तो!

नरेशभाईंनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका आपले परीक्षक." माणूस भला. पण मला खुर्ची टोचायची.

*

नरेशभाईंनी वाडीतल्या चिकूच्या झाडांवर आमऱ्या बांधल्या. काथ्याच्या दोरीनं, व्यवस्थित. मग ते लग्नासाठी सुरतेला गेले.

वाडीत रामजी कामाला. जुना माणूस. दर वर्षी झाडांवरचं बांडगूळ काढायचं काम त्याचं. शेट नाहीत म्हणून तो बसून राहिला नाही. कोयता घेतला आणि सगळ्या आमऱ्या उतरवून बांधावर ढीग घातला. पेटवायचाच बाकी होता, तेवढ्यात शेट आले.

नरेशभाई डोक्याला हात लावून खाली बसले. "रामजी, अरे, दोरीनं बांधलं होतं ने! दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना शेट! दोरीनं बांधलेलं बांडगूळ मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. म्हटलं, कोणी तरी दुश्मनीनं बांधून गेलंय!"

*

यानंतर नरेशभाईंनी झाडं कुरियरनं मागवायला सुरुवात केली. बाहेरून येणारी आमरी बिनमातीची येते. कागदात गुंडाळलेली, चार पानं आणि लांब राखाडी मुळं.

एकदा पार्सल आलं तेव्हा ते दुकानात होते. घरी त्यांच्या मातोश्री. म्हातारीचे गुडघे दुखायचे आणि मुलाला औषध आण म्हणून ती मागे लागलेली. तिनं पार्सल उघडलं. मुळं बघितली. वास घेतला. खूश झाली! मुलानं जडीबुटी मागवली.

संध्याकाळी नरेशभाई घरी आले. ओट्यावर चार पानं उरली होती. मुळं कुटून, उकळून, गाळून म्हातारीच्या पोटात गेली होती.

"बा, ते फुलझाड होतं!"

"ते मला काय माहीत? गुडघा मोकळा झाला माझा. दुसरं पार्सल कधी येणार?"

*

सगळ्यांत मोठी फुलं जमनाची. घर खाडीजवळ, वारा खारा, आणि झाड टांगलेलं बोंबील सुकवायच्या वलांडीच्या खांबाला. पुस्तकाप्रमाणे ते मरायला पाहिजे. मी मुद्दाम बसनं जाऊन बघून आलो. मेलं नव्हतंच, माजलं होतं!

"खत कुठलं घालतेस?" मी विचारलं.

"खत कशाला? मासळी धुतलेलं पाणी कुठं टाकू मग, तुमच्या डोक्यावर?"

मी हे मंडळात सांगितलं. देसाई मॅडमनी घरी जाऊन तेच केलं. पण जमनाला अख्खा समुद्रकिनारा आहे. मॅडमना तिसऱ्या मजल्यावर एक गॅलरी. आठवडाभरात बिल्डिंगमधली मांजरं त्यांच्या दाराशी मुक्कामाला आली. खालच्या मजल्यावर सेक्रेटरी राहायचे, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. ते नाकाला रुमाल लावून वर आले.

मॅडम म्हणाल्या, "ऑर्किड आहे हो. काही काही जातींना असा वास असतो."

सेक्रेटरींनी वाकून फूल बघितलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, एखादी शाकाहारी जात नाही मिळत?"

*

लक्ष्मणचं दुकान हायवेला लागून. दिवसरात्र ट्रक, धूळ, धूर. त्यानं जुन्या टायरचे तुकडे कापले, त्यात कोळसा आणि नारळाची सोडणं भरली आणि आमऱ्या दुकानाच्या पुढे ओळीनं टांगल्या. झाडं टिकली. मी विचार करून थकलो, धूर खाऊन टिकली की टायरमुळे?

एक ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला. वर बघून म्हणाला, "ये नजर के लिए है क्या?"

लक्ष्मणला काम होतं. तो "हां" म्हणाला. ट्रकवाल्यानं हट्टच धरला. शेवटी लक्ष्मणनं एका झाडाला फुटलेलं पिल्लू तोडून दिलं. त्यानं ते लिंबू-मिरचीच्या शेजारी, गाडीच्या पुढे बांधलं आणि नमस्कार करून गेला.

पुढच्या फेरीला तोच ट्रक दुकानापुढे. टायर फाटलेला. झाड मात्र हिरवंगार!

"ये काम नहीं करता," ट्रकवाला तणतणला. "नजर लगी, टायर फट गया, और फिर यहीं आना पड़ा!"

लक्ष्मण पान्हा घेऊन खाली वाकला. "काम करता है ना. मेरा पौधा है, मेरी तरफ से करता है."

*

आता माझं झाड.

ते मी आधी कडुलिंबावर बांधलं. मग वाटलं, ऊन कमी पडतं. विहिरीच्या काठावर नेलं. मग वाटलं, ऊन जास्त होतं. गोठ्याच्या पडवीत नेलं. एकदा जमनाचं बघून त्याला मासळीचं पाणी घातलं, एकदा नरेशभाईंचं ऐकून ताक. पानं तरतरीत, मुळं जोरात. फूल नाही.

माझी बायको हे सगळं बघत असे. ती कमी बोलते. मी शिडी लावून झाड पुन्हा हलवायला निघालो, तेव्हा ती धुणं वाळत घालताना म्हणाली, "लग्नानंतर मला तुम्ही एवढी बिऱ्हाडं बदलायला लावली असती, तर पोरं झाली नसती!"

मी शिडी ठेवून दिली. तोवर झाड जांभळावर पोचलं होतं, तिथंच राहू दिलं.

*

अठरा साली पानाच्या बगलेतून एक हिरवं टोक बाहेर आलं. गोल, चकचकीत. मी रोज बघत होतो. ते वाढत होतं.

मी चौघांना फोन केला. म्हटलं, रविवारी वाडीत नाही, माझ्याकडे या. झाड इतक्यात हलवणार नाही. बायकोनं पोहे केले. जमना मासळी लवकर विकून आली. लक्ष्मणनं दुकान बंद ठेवलं. देसाई मॅडमनी भिंग आणलं.

सगळे जांभळाखाली उभे. मॅडमनी स्टुलावर चढून भिंग लावलं.

"काका," मॅडम खाली बघून म्हणाल्या, "हे मूळ आहे."

लक्ष्मणला हसू आवरेना, तो चप्पल शोधायला गेला. चप्पल त्याच्या पायातच होती! जमना म्हणाली, "असू दे काका. खालून येतंय, कधी तरी वरून येईल."

नरेशभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मूळ पण एकदम फर्स्ट क्लास आहे हां, काका!"

मी म्हटलं, "पोहे गार होतायत."

*

एकोणीसच्या मे महिन्यात पुन्हा टोक आलं. या वेळी मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आंघोळीच्या पाण्याला जाताना बघायचो, येताना बघायचो. टोक खाली वळलं. त्याला दाणे धरले. दाण्यांचे कळे झाले.

शनिवारी संध्याकाळी घोस अर्धा उमलला होता. नरेशभाई म्हणाले होते अगदी तसा. आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा शेवटचा रविवार!

त्याच दिवशी तलासरीला बायकोच्या भाचीचं लग्न होतं. मी म्हटलं, "तू बसनं पुढे हो. मी डहाणूचं काम उरकून येतो." ती हो म्हणाली.

रविवारी सकाळी मी स्टेशनवर रिक्षा ठरवायला गेलो. रिक्षावाल्याला बजावलं, "एक झाड न्यायचंय. खड्डा दिसला की उतरून ढकल, पण धक्का बसता कामा नये."

रिक्षा घेऊन आलो. जांभळाकडे बघितलं. पानं होती. घोस नव्हता.

बायको दारात उभी. जरीची साडी. मागे वळून कडी लावत होती. अंबाड्याभोवती अख्खा घोस, देठापासून शेंड्यापर्यंत, पिना लावून बसवलेला. रात्रीत सगळा उमलला होता.

"हे काय?" मी म्हटलं.

"फुलवाली आज आलीच नाही. भाचीच्या लग्नात काय भुंड्या डोक्यानं मिरवू? आणि झाडावर कोण बघणार होतं ते?"



रिक्षावाला म्हणाला, "काका, झाड कुठंय?"

मी बायकोकडे बोट केलं. "सांभाळून घे."

वाडीत सगळे जमले होते. मी पुढे, बायको मागे. तिला मी माझ्या खुर्चीवर बसवलं, पाठ सगळ्यांकडे करून. नरेशभाई चहाचा कप हातात तसाच धरून उभे राहिले. मॅडमनी पर्समधून भिंग काढलं. लक्ष्मण फोटो काढायला लागला.

"काकी, मान नको गं हलवू," जमना म्हणाली. "पदर जरा खाली घे. हां!"

"अहो काका," लक्ष्मण म्हणाला, "पण झाड कुठंय?"

"घरी. त्याचं काम झालं."

सगळ्यांचं बघून झालं. बायको ताठ बसली होती. तिनं मान न वळवता विचारलं, "तुम्ही नीट बघितलंत का?"

मी दुसरी खुर्ची उचलली, तिच्या मागे ठेवली आणि बसलो.

"बस चुकेल," ती म्हणाली.

"दुसरी येईल," मी म्हटलं. "हलू नकोस."