कोड बदलला, हे कुणी सांगायचं?

तीन स्ट्रक्चरल इंजिनिअर एका टेबलाशी बसले की सिमेंट आणि सळईबद्दल बोलत असतील, असा लोकांचा समज असतो. आम्ही बोलतो माणसांबद्दल, आणि बहुतेक वेळा चिडून. नाशिकमध्ये मी वीस-बावीस वर्षं बिल्डिंगांची डिझाइन्स केली. त्यात चिडण्यासारखं इतकं साठलंय की एक प्रसंग सांगायला घेतला तर त्याच्या मागोमाग दुसरा येतो.

शनिवारी सकाळी कॉलेज रोडवरच्या माझ्या ऑफिसात आम्ही तिघं जमायचो. मी, माझ्या बरोबरीचा रफिक, आणि गर्गे सर. सरांच्या हाताखाली आम्ही दोघंही काम शिकलो. जमायचं कारण एकच, कोड. कोड म्हणजे बिल्डिंग कशी बांधायची याचे देशभरासाठी छापलेले नियम. काँक्रीट किती मजबूत हवं, सळई किती, भूकंपाचा धक्का किती धरायचा, हे सगळं त्यात असतं. हे नियम दहा-वीस वर्षांनी बदलतात. बदलले की आम्ही ते पाळायचेच. पण बदललेत हे आम्हाला कळवायचं कुणी, हे मात्र कुठल्याच कोडमध्ये लिहिलेलं नाही.

*

किल्लारीचा भूकंप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गंगापूर रोडला एका बिल्डरची चार मजली बिल्डिंग माझ्याकडे आली. मी भूकंपाचा हिशेब धरून कॉलम काढले. ड्रॉइंग बघून बिल्डर हसला. एवढे जाड कॉलम बेडरूममध्ये आले तर कपाट कुठं ठेवायचं, असं त्याने विचारलं. मी किल्लारीचं नाव काढलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, नाशिकला गोदावरीचा पूर येतो. भूकंप येत नाही."

काम त्याने माझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाला तरी दिलं. कॉलम बारीक झाले, कपाटं मावली, बिल्डिंग उभी राहिली.

पुढे भूजचा भूकंप झाला. अहमदाबादमध्ये कोसळलेल्या बिल्डिंगांची चित्रं घराघरात टीव्हीवर दिसली. त्यानंतर महिन्याभरात त्याच बिल्डिंगवर मोठा बोर्ड लागला, 'भूकंपरोधक फ्लॅट, थोडेच शिल्लक.' माझं डोकंच फिरलं. मी ऑफिसात येऊन त्याला फोन लावला आणि हे कशाच्या आधारावर लिहिलंत ते विचारलं.

"मॅडम, पाच वर्षं उभी आहे ना?" तो म्हणाला. "मग रोधकच झाली की."

*

काँक्रीटचा नवा कोड आला तेव्हाची गोष्ट. साध्या घराला आजवर जे काँक्रीट चालायचं ते यापुढे चालणार नव्हतं, सळईवरचा काँक्रीटचा थर वाढवायचा होता. एवढी मोठी गोष्ट आम्हाला कळली ती सिमेंट कंपनीच्या एका सेल्समनकडून. माझ्या टेबलावरचं ड्रॉइंग बघून तो म्हणाला, मॅडम, तुम्ही अजून जुनंच वापरता का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रफिकने एका कॉलेजच्या लायब्ररीत चौकशी केली. पुस्तक आलं होतं, पण त्याच्यावर नंबर पडला नव्हता, आणि नंबर नसलेलं पुस्तक कपाटाबाहेर काढता येत नाही, असं उत्तर मिळालं. नंबर टाकणारे गृहस्थ रजेवर होते. तीन आठवड्यांनी रफिक पुन्हा गेला, तेव्हा ते परत आले होते, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे होती. शेवटी त्याने मुंबई गाठली आणि एक प्रत विकत आणली. मग ज्याने मागितली त्याला आम्ही तिची झेरॉक्स दिली. त्याने ती आणखी कुणाला दिली.

वर्षभराने एका शनिवारी अंबडच्या कारखान्यांची कामं करणारा एक इंजिनिअर माझ्याशी वाद घालायला आला. सळईवर मी दाखवलेला काँक्रीटचा थर त्याच्या मते उगाच जास्त होता. त्याने पिशवीतून स्वतःचा कोड काढला. आमच्याच प्रतीची ती झेरॉक्स होती, कितव्या हातची कोण जाणे. पानावर मधोमध काळा पट्टा आला होता आणि त्यात तिसाचा आकडा वीस दिसत होता. त्यावर त्याने दोन शेड बांधून दिल्या होत्या.

मी रफिकची मूळ प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्याने दोन्ही पानं शेजारी ठेवून आकड्यावर बोट फिरवलं. गर्गे सरांनी त्याला हळूच विचारलं, शंका नाही आली?

"आली होती," तो म्हणाला. "पण विचारायचं कुणाला?"

त्या दोन शेडच्या मालकांकडे तो स्वतः गेला, रफिकला बरोबर घेऊन. एकाने ऐकून घेतलं आणि दुरुस्ती केली. दुसऱ्याने दोघांना गेटवरूनच परत पाठवलं.

*

एका कचेरीचं नाव घेत नाही, पण तिथे बिल्डिंगच्या परवानगीचा फॉर्म छापील असायचा. त्यावर जुन्याच कोडचं साल छापलेलं. रफिकने ते खोडून नवं साल लिहिलं. क्लार्कने फॉर्म परत केला, खाडाखोड चालत नाही म्हणून. रफिकने नवा फॉर्म घेतला, साल तसंच ठेवलं आणि सोबत पत्र जोडलं, की डिझाइन नव्या कोडप्रमाणे आहे. तेही परत आलं. कारण काय, तर नवा कोड आमच्या कचेरीत आलेला नाही, म्हणजे तो आमच्यासाठी नाही. रफिकने आपली प्रत दाखवली, तर ती तुमची झाली, आमची नाही, असं ऐकून घ्यावं लागलं.

चौथ्या खेपेला त्याने निमूट सही केली, की ही बिल्डिंग जुन्या कोडप्रमाणे आहे.

शनिवारी येऊन तो संतापाने म्हणाला, "आयुष्यात एकदाच सही करून खोटं बोललो. तेही बिल्डिंग कागदापेक्षा चांगली बांधली म्हणून."

*

भूजनंतर कॉलमच्या रिंगांचा नियम कडक झाला. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून बांधणारी जी रिंग असते, तिची टोकं काटकोनात न ठेवता आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची. धक्का बसला की काटकोनातली टोकं उघडतात आणि कॉलम सुटतो. दिंडोरी रोडच्या एका साइटवर मी तीन वेळा रिंगा परत पाठवल्या आणि तिन्ही वेळा त्या तशाच आल्या. सळई वाकवणारा काशिनाथ दिंडोरीकडचा, पन्नाशीचा शांत माणूस. मी त्याला वळणाचे अंश सांगत होते, तो मान हलवत होता.

चौथ्या वेळी मी त्याच्यावर चिडले. तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं. साइटवरचे साहेब त्याला म्हणाले होते, मॅडमचं मनावर घेऊ नको, ती कागदावर काढते, पास मी करतो. हे साहेब म्हणजे डिग्री घेतलेला इंजिनिअर.

मी तिथेच वाळूच्या ढिगाशेजारी बसले, बाइंडिंग वायरची, म्हणजे सळया बांधायच्या तारेची, एक रिंग केली आणि काशिनाथला ती आतून ढकलायला सांगितली. टोकं उघडली. मग टोकं आत वळवली आणि पुन्हा ढकलायला सांगितलं. रिंग हलेना. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट केली.

"द्राक्षाच्या मांडवावानी हाय की हे, ताई," तो म्हणाला. "तारंचं टोक आत मुरडलं नाय, तर घड भरल्यावर समदा मांडव खाली येतो. हे आधी सांगायचं. तुम्ही निस्ते अंश सांगत बसल्या."

त्याने सगळ्या रिंगा उलगडून पुन्हा वाकवल्या. साहेब आडवे आले, तेव्हा त्यांनाही त्याने तीच तार ढकलायला लावली. त्यांनी ती ढकलली, हात झटकले आणि फोनवर बोलत निघून गेले.

*

आता गर्गे सरांचं.

सर इंदिरानगरात राहायचे ती बिल्डिंग त्यांनीच डिझाइन केलेली. खाली सगळं मोकळं पार्किंग, वर तीन मजले, बारा कुटुंबं. भूकंपाचा नवा कोड आला. त्यात अशा मोकळ्या पार्किंगच्या कॉलमसाठी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ताकद मागितली होती. सरांनी जुनी ड्रॉइंग काढून आपलीच बिल्डिंग तपासली. कॉलम कमी पडत होते. बांधली तेव्हाच्या नियमांप्रमाणे त्यांची काही चूक नव्हती. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "नियम तेव्हाचा होता गं. माणसं आत्ता झोपतात तिथे."

त्यांनी सोसायटीला पत्र दिलं. खालचे कॉलम जाड करून घेऊ, डिझाइन मी फुकट करतो, असं त्यात लिहिलं होतं. मीटिंगला मी सरांबरोबर गेले होते. चेअरमननी पत्र वाचलं आणि घडी करून सरांच्याच हातात परत दिलं. हे लेखी आलं तर उद्या कुणाचाही फ्लॅट विकला जाणार नाही, तेव्हा हे पत्र मिळालंच नाही असं समजू, असं ते म्हणाले. कुणीतरी मागून बोललं की सरांचं आता वय झालं. एका बाईंनी तर विचारलं, स्वतःचं काम चुकलं हे म्हातारपणी कशाला सांगत फिरता? सरांनी पत्र खिशात ठेवलं आणि खुर्च्या उचलून रचायला मदत केली.

दोन महिन्यांनी तेच चेअरमन माझ्या ऑफिसात आले. मखमलाबादला प्लॉट घेतला होता, बंगला बांधायचा होता. समोर बसून त्यांनी नकाशा उलगडला आणि सगळं नव्या कोडप्रमाणे धरा म्हणाले, कॉलममध्ये अजिबात कसर नको. मी लिहून घेतलं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आणि मॅडम, डिझाइन झालं की एकदा गर्गे सरांच्या नजरेखालून घालाल का? त्यांनी तपासलं म्हणजे झोप लागेल. फक्त माझं नाव सांगू नका."