निवट्यांचा किनारा आणि वाटीभर हळदपाणी

मार्चचा दुसरा रविवार, सकाळी दहा. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत तीन निवट्या.

निवट्या मुळात कालवणासाठी आल्या होत्या. सासूबाईंनी जूचंद्रहून, माहेरच्या खाडीतून, त्या जिवंत आणल्या. पण ही बोटभर मासळी पाण्याबाहेर येऊन बादलीच्या कडेला चिकटून माझ्याकडे टकामका बघत बसली आणि माझा हात विळीकडे जाईना.

माळ्यावर काचेची जुनी टाकी होती. मी यादी केली. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसरीकडे कोरड्या मातीत झाडं, मध्ये काँक्रीटचा उतार. निवट्यांना चढता यावं, पण पाणी मातीत झिरपू नये. थर्माकोलचा साचा, सिमेंट, वाळू, बारीक खडी, वॉटरप्रूफिंगचं रसायन.

नवरा थापी घेऊन बसला. पहिलाच थर घसरून तळाशी आला.

"सरक रं," सासूबाई म्हणाल्या. "खाडीकाठी खाजनात बांध घातलेत मी. तू हापिसातच बरा."

त्यांनी रबरी हातमोजे चढवले. माल थोडा घट्ट कालवायला लावला, खालून वर तळव्याने थापत नेला, काचेजवळचा सांधा अंगठ्याने दाबून बंद केला. मधे दोन बिळंही ठेवली. एवढं सुबक काम आमच्या बाथरूमच्या मेस्त्रीनेही केलेलं नाही.

आठवडाभर उतारावर ओलं गोणपाट. मग पाणी भरलं, कोरड्या बाजूला वर्तमानपत्र अंथरलं. दोन दिवसांनी कागद कोरडाच. सिमेंटचा चुना निघून जावा म्हणून पुढे सात दिवस रोज पाणी बदललं. एव्हाना निवट्यांमधली सर्वांत लहान खायची थांबली होती. मी सातवी खूण केली आणि घाईने बादली उचलली.

"थांब गो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, यादीतलं सगळं झालंय."

"यादी तुज्याकडं. माज्याकडं हलद हाय."

त्यांनी टाकीतलं पाणी वाटीत घेऊन चिमूटभर हळद टाकली. पिवळं पाणी बघता बघता लाल झालं.

"बघ, कुंकू! चुना हाय अजून. कातडी जलंल त्यांची. त्यापरीस कालवन काय वाईट होतं?"

नवरा हसला. मी बादली खाली ठेवली. मी दिवस मोजले होते; पाणी तपासायचं मात्र यादीत कुठेच नव्हतं. त्याच जागी ते लिहून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी वाटी सासूबाईच बघतात. बादलीत त्यांनी चिखलाचा छोटा उतार थापून दिला, सोललेली करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, बोटावर धरली. काल त्या सर्वांत लहान निवटीने ती ओढून घेतली. आज अकरावं पाणी बदललं. हळद आता लाल होत नाही, पण पुरती पिवळीही राहत नाही, तांबूस दिसते.

'निवट्या टाकीत सोडणे' यापुढचा चौकोन अजून रिकामा आहे.