खाणावळीसह गोष्ट

संपादकांनी माझी गोष्ट हातावर तोलली. वाचली होती की नाही, देव जाणे. तोलली मात्र माझ्यासमोर. गिरगावातल्या त्यांच्या कचेरीत दिवाळी अंकाची धांदल चालली होती. मी शाळा सुटल्यावर लालबागहून थेट तिथं गेले होते. नुकतीच मास्तरीण झाले होते आणि ती माझी पहिलीच मोठी गोष्ट होती.

"बाई, हे अधलंमधलं झालंय," ते म्हणाले. "एका बैठकीत संपते ती कथा. पुठ्ठा बांधून विकता येते ती कादंबरी. दीर्घकथा म्हणावी, तर तुमची तिच्याहूनही लांब. अंकात एवढी पानं कुणाला देऊ? असं करा, यातली खाणावळ काढा. नुसता स्वयंपाक तर आहे. मग झकास कथा होईल."

गोष्ट एका गिरणी कामगाराच्या बायकोची होती. नवरा गेल्यावर ती राहत्या खोलीत खाणावळ चालवते आणि मुलीला शिकवते. ती बाई म्हणजे माझी आई. खाणावळ काढली तर उरत काय होतं? नवरा मरतो आणि मुलगी मास्तरीण होते. मधे कुणी राबलंच नाही, पोरगी आपली वाऱ्यावर वाढली!

माझं डोकं फिरलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं पत्रक डकवलेलं होतं. त्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "मुंबई वगळून महाराष्ट्र देतो म्हणतात, तर तुम्ही घेताय का?"

"तो प्रश्न वेगळा."

"वेगळा कसा? मलाही माझी गोष्ट खाणावळीसहच हवी," म्हटलं आणि कागद उचलून निघाले. जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू? अंकात नाव यावं म्हणून मी किती जीव टाकत होते! छापून आली की आईला वाचून दाखवायची, असं ठरवून तिच्यापासून लपवून ठेवली होती. पण आईलाच कापून काढलेली गोष्ट तिला कुठल्या तोंडानं वाचून दाखवणार?

आमच्या चाळीच्या फाटकाशी एक फळा होता. सभा कुठे, मोर्चा कधी, कोण पकडलं गेलं, सगळं त्यावर खडूनं लिहिलं जायचं. पाळीवर जाणारी-येणारी माणसं उभ्याउभ्या वाचायची. फळा लिहिणाऱ्या चिटणिसाला मी म्हटलं, "सभा नसेल त्या दिवशी मला दे. गोष्ट लिहायचीय."

"गोष्ट? फळ्यावर? मावेल काय गं?"

"मावेल तेवढी आज, उरलेली उद्या."

तशी ती सुरू झाली. जुना भाग पुसायचा, नवा लिहायचा. ही कथा की कादंबरी, असं एकानंही विचारलं नाही. "पुढचं कधी?" एवढंच विचारायचे. मला तर त्या अंकवाल्यांना फाटकाशी आणून उभं करावंसं वाटे.

घोटाळा वेगळाच झाला. त्या फळ्यावर खऱ्याखेरीज काही लिहिलं जात नसे. त्यामुळे खाणावळीचा भाग आला, तसे काळाचौकीचे दोन कामगार चाळीत चौकशी करत थेट आमच्या दारात हजर. "मावशी, फळ्यावर वाचलं. बांगड्याचं तिखलं झकास असतं म्हणे. दोघांची सोय होईल?"

आईनं त्यांना आत घेतलं आणि माझ्याकडे वळली. "काय लिवलंस गो माझ्यावर?"

तिला वाचता येत नव्हतं. दुपारी ती तांदूळ निवडायला बसली आणि मी समोर बसून सगळी गोष्ट वाचून दाखवली. नवरा मरतो तिथं तिचा हात चालूच होता. खाणावळ आली तसा सुपातच थांबला, तो शेवटपर्यंत.

"इतक्याच?" वाचून संपल्यावर ती म्हणाली.

"अगं, गिरगावातले संपादक लांब झालीय म्हणतात."

"लांब? आणि पयल्या पाळीवाल्यांची भाकरी खंय गेली? काळोखात उठान ती कोणी थापली? तुझ्या संपादकान?"

दुसऱ्या दिवशी सभा नव्हती. मी फळा स्वच्छ पुसला, खडू उचलला आणि गोष्ट आणखी लांब केली.