कचरूभाऊची पत्रिका

आमचे हे, प्रेमानंद, रिटायर झाले पण बाबूगिरी काही सुटली नाही. धामणगाव बढ्याच्या शाळेतल्या जुन्या दोस्तांचा ईमेलचा गट हेच चालवतात. कोणाचीही मेल आली की कम्प्युटर तिचे रंग, फोटो, नक्षी छाटते अन् नुसती अक्षरं साऱ्यांले पाठवते. तसं बटणच दाबून ठेवलं यांनी. कारण कचरूभाऊ, यांचा लंगोटीयार. त्याचे डोळे गेले. फोन त्याले मेल वाचून दाखवते, अन् फोटो आला की मुका बसते.

आता आमच्या दीपमालाचं लग्न ठरलं. मी हौसेनं पत्रिका बनवून घेतली: निळी किनार, पिंपळाची पानं, मधात पोरीचा फोटो. अन् गटात पाठवताना यांनी तीबी छाटली! तळपायाची आग मस्तकात गेली माह्या.

"पोरगी का एकट्या तुमच्या दोस्ताची हाय?" म्हटलं. "करा काय करायचं ते, नाही तं चहा बंद!"

बसले मंग शोधत. निघालं बटण. एकाच मेलमधून रंगीतही जाते अन् साधंही; ज्याले जे झेपते ते दिसते. गटात नुसती वाहवा! मी तं अंगणभर मिरवली.

तेवढ्यात कचरूभाऊचा फोन.

"काबे प्रेमानंद, सारे पत्रिकेची तारीफ करून राह्यले. मले तं नुसती तारीख अन् पत्ता आला."

"तुह्यासाठीच साधं ठेवतो ना बे!"

"मले दिसत नाही. पण आवडत नाही, असं कोणी सांगतलं तुले? जाऊ दे. मी नाही येत लग्नाले. येऊन तरी काय पाहू?"

मले लय वाईट वाटलं. मंग हे कम्प्युटरसमोर बसले अन् कचरूभाऊले साध्या मजकुरात लिहाले लागले: किनार आपल्या शाळेच्या दौतीतल्या शाईसारखी निळी. पानं कोवळी, तांबूस. पोरगी हसून राह्यली, अन् तुह्या घरच्या झोक्यावरून पडली तवा तुटलेला दात तसाच दिसते. फोटोवाला दात झाकू म्हणे, तिनं झाकू नाही देला.

बापा! लग्नाले इतकी वर्षं झाली, या माणसाजवळ असे शब्द हायेत हे मले ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचरूभाऊचा फोन आला. आधी नुसता नाक ओढत होता.

"जीप सांगून ठेवली मी," म्हणे. "पोरीले सांग, लग्नात तशीच हसजो."