पहिली चक्कर

लंडनजवळच्या हॅरोत आमच्या शेजारी एक रिटायर्ड मराठी डॉक्टर राहतात. गॅरेजमध्ये ते जुन्या सायकली दुरुस्त करतात आणि गंजलेला नट पिळताना त्याला पेशंटसारखं विचारतात, "दुखतंय का?" एक जुनीपुराणी हिरवी सायकल त्यांनी दोन हिवाळे खपून उभी केली. "रविवारी पहिली चक्कर तुझी," असं स्वतःच म्हणाले.

मी हेल्मेट घालून गेलो, तर सायकलचे सगळे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर मांडलेले.

"काका, बिघडली का?"

"नाही रे. उत्तम झाली होती."

"मग उघडलीत कशाला?"

"मग उद्यापासून मी दुरुस्त काय करू?" मग त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं आणि मी हेल्मेट काढून चेन पुसायला बसलो.